शिंगं तेवढी कोरी

रंगाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. आदिलाबादला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मॅचिंग सेंटर आहे. साडीचे फॉल, अस्तरं, ब्लाउजपीस, दोऱ्याच्या रिळा. गिऱ्हाईक बाई पिशवीतून साडी काढत असते, तिचा नुसता काठ दिसला तरी मी सांगते की हा डाळिंबी नाही, आमसुलीकडे झुकलाय, आणि ट्यूबलाइटखाली काही ठरवू नका, दारात या. वीस वर्षं मी बायकांना दारात नेऊन उन्हात रंग दाखवते आहे. त्यामुळे बाबांसाठी रंगवायचं पुस्तक आणायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, यात काय अवघड आहे.

बाबांना उन्हाळ्याच्या शेवटी लकव्याचा झटका आला. बेल्याजवळच्या आमच्या गावाहून भावाने त्यांना जीपमध्ये घालून वेळेत शहरात आणलं, म्हणून बोलणं वाचलं, पाय वाचला. हसताना तोंड जरा डावीकडे जायचं, तेवढंच. पण उजवा हात रुसून बसला. बोटं मिटायची, उघडायची, पण चहाचा कप काही त्या हाताला पेलायचा नाही. डॉक्टरांनी रोज व्यायामाला यायला सांगितलं. भावाच्या पेरण्या तोंडावर आलेल्या, म्हणून बाबा माझ्याकडे राहिले.

लेकीच्या घरी राहणं बाबांना मुळीच पसंत नव्हतं. आयुष्यात ते माझ्याकडे मुक्कामाला आले नव्हते. यायचे ते सकाळच्या बसने, ज्वारीचं पीठ आणि वाळलेल्या मिरच्या ठेवायचे आणि दुपारच्या बसने परत. आता रोज सकाळ-संध्याकाळ जावयाच्या समोर बसून जेवायचं, तेही डाव्या हाताने, याची त्यांना इतकी लाज वाटायची की पहिले चार दिवस ते ‘भूक नाई’ म्हणून अर्ध्या भाकरीवर उठत. पाचव्या दिवशी मी मिस्टरांनाच आधी जेवायला घातलं आणि दुकानात बसवलं. मग बाबा दोन भाकरी जेवले.

व्यायाम घेणारी मुलगी तेलुगू होती, चोवीस-पंचवीसची, बारीकशी, पण आवाज हवालदाराचा. बाबांना ती ‘तातय्या’ म्हणायची, म्हणजे आजोबा, आणि मला अक्का. तिने बाबांना रबरी चेंडू दाबायला दिला. वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला दिले. बाबांनी चार दिवस वाटाणे टाकले आणि पाचव्या दिवशी मला विचारलं, “ह्या पोरीच्या घरी निवडनं-टिपनं कराले कोनी नाई का?”

तिसऱ्या आठवड्यात रिक्षातून परत येताना त्यांनी एकदम विचारलं, “पोया कव्हा हाय, बाई?”

“आजून दीड मईना हाय, बाबा.”

“मंग आताच सांगून ठेवतो. माया हातानं नाई झालं तं यंदा कोनीच शिंगं रंगवाचे नाईत. कोरे राहू द्या.”

“काऊन असं बोलून राह्यले तुमी?”

ते रिक्षाच्या बाहेर बघत बसले. मला जे कळायचं ते कळलं.

आमच्या घरी पोळ्याला बैलांची शिंगं फक्त बाबा रंगवतात. आधी काचेच्या तुकड्याने खरवडून, तेल लावून, मग वार्निशचा रंग, खाली लाल, शेंड्याला हिरवा, मध्ये पिवळी कडी. त्या दिवशी भाऊ बैल धुतो, वहिनी पुरण घालते, पण शिंगांना कुणी हात लावत नाही. आणि आमच्या गावात कोऱ्या शिंगांचे बैल पोळ्याला वेशीवरच्या तोरणाखाली उभे राहिले की विचारायचं काम नसतं. त्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलेलं असतं. दुसऱ्या कुठल्या कारणाने कुणी शिंगं कोरी ठेवत नाही. बाबा काय म्हणत होते ते हे असं होतं, आणि तेही अगदी शांतपणे.

दुसऱ्या दिवशी मी हे त्या मुलीला सांगितलं. तिला पोळा माहीत होता, पण शिंगांचं नव्हतं. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “तो फिर तातय्या को कलरिंग बुक लाकर दो, अक्का. हँसानेवाला लाओ. हँसेंगे तो करेंगे.”

बसस्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात मी गेले. दुकानदाराने विचारलं, “बच्चा कितने साल का है?”

मी म्हटलं, “एकहत्तर साल का.”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, मग शहाण्या माणसासारखा आतल्या कपाटाकडे गेला. आधी त्याने फुलापानांच्या वेलबुट्टीचं पुस्तक काढलं. त्यातल्या जागा इतक्या बारीक की तिथे सुईसुद्धा अडकावी. ते नाही. मग देवादिकांचं. तेही नाही, कारण बाबांचा रंग चुकून देवाच्या डोळ्यात गेला असता तर ते नंतर तीन दिवस जेवले नसते. मग एक फळांचं, पेरू, केळं, सीताफळ. ते दाखवलं असतं तर बाबांनी मला माझ्याच घरातून हाकलून दिलं असतं.

शेवटी खालच्या खणातून एक मोठं पुस्तक निघालं. त्यातली सगळी जनावरं माणसांची कामं करत होती. गाढव साहेब होऊन फायलींवर डोकं टेकून झोपलेलं. कोंबडी बसची कंडक्टर, आणि बसमध्ये सगळी पिल्लं विनातिकीट. म्हैस ब्यूटी पार्लरमध्ये डोक्यावर ते गरम हवेचं टोपलं घेऊन बसलेली, आणि एक बगळा तिची नखं रंगवतोय. मी तिथे उभ्याउभ्या हसायला लागले. मागून दुसऱ्या पानावर एक बंडी, म्हणजे बैलगाडी होती. दोन बैल बंडीत छत्री उघडून बसलेले, एकाच्या हातात चहाचा कप, आणि बंडीला जुंपलेली दोन धोतरवाली माणसं घाम गाळत चाललेली. ते पान बघून मी ठरवलं की हेच.

पण कागद पाहायचा राहिला होता. मी पुस्तक उचलून दुकानाच्या पायरीवर उन्हात आले. कागद पातळ, पिवळसर, आणि दोन्ही बाजूंना चित्रं. अशा कागदावर काय टिकणार? मी दुकानदाराच्या बरणीतलं निळं स्केचपेन घेतलं आणि शेवटच्या पानावर, जिथे चित्र नव्हतं, तिथे एक चौकोन भरून पाहिला.

“मॅडम! मॅडम, ये बेचने का है!”

“मेरी दुकान में औरतें दस फॉल खोलकर देखती हैं, एक लेती हैं,” मी म्हटलं. “मैं कुछ बोलती हूँ क्या?”

तो म्हणाला की फॉलची परत घडी घालता येते. मी पान उलटून पाहिलं तर निळा चौकोन मागच्या बाजूला सरळ उतरला होता. आता पुस्तक माझंच झालं. मग मीही मागे हटले नाही. रंगीत पेन्सिली, मेणाचे खडू, तेलकट खडू, स्केचपेनं, पाण्याचे रंग आणि एक ब्रश, सगळं घेतलं आणि घरी आले.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं आणि शेवटच्या पानावर एकेक चौकोन भरत बसले. पेन्सिलीचा पोपटी रंग त्या पिवळट कागदावर आजारी दिसत होता. मेणाचा खडू कागदाच्या वरवर फिरत होता, खाली कोरे दाणे राहत होते. पाण्याच्या रंगाने कागदाचा पापड झाला. तेलकट खडूचा लाल मात्र उन्हातसुद्धा लाल राहिला. मी प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरात नाव लिहिलं आणि बाबांना मोठ्या ऐटीत दाखवलं.

बाबांनी पुस्तक पाहिलं. एक पान उलटलं. गाढव पाहिलं. मिशीत हसले, असा मला भास झाला. पण तेवढ्यात दुकान बंद करून माझे मिस्टर आत आले, आणि बाबांनी ते पुस्तक सर्रकन उशीखाली सारलं. जावयाने सासऱ्याला लेकरांचं पुस्तक रंगवताना पाहायचं? त्या विचारानेच त्यांचा चेहरा लाल झाला.

“मले नको हे,” मिस्टर हातपाय धुवायला गेल्यावर ते म्हणाले. “शायेत गेलो नाई लहानपनी, तं आता कायले?”

आठ दिवस पुस्तक तसंच पडून राहिलं. मी रोज सांगायची, ते रोज नको म्हणायचे. एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, “हात वापरनारच नाई तं मंग अठी राहून काय उपेग, जा ना गावी!” बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी फक्त मान हलवली. त्या दिवशी मी दुकानात बसून तीन जणींना चुकीच्या शेडचं अस्तर दिलं.

पुस्तकाने मग आपलं काम स्वतःच केलं. एका दुपारी मी चहा घेऊन आत गेले तर बाबा बंडीचं पान उघडून बसले होते. कपाळाला आठ्या. मला वाटलं, रागावले. माणसाला जुंपलंय आणि बैल वर बसलेत, हे त्यांना रुचलं नसणार. मी घाईघाईने म्हटलं, “ते गमतीसाठी हाय, बाबा.”

“गंमत मले समजते,” ते म्हणाले. “पन शिवया कोठी हायेत?”

“काय?”

“शिवया! जुवाले शिवया नाईत. हे पाय. जू नुसतं मानेवर ठिवलं. जोतं कायले बांधलं यानं? पयल्या पावलालेच जू निसटन अन् बैल पडतीन खाली छत्रीसकट.”

शिवळा म्हणजे जुवाच्या दोन्ही टोकांना खाली खोचलेले दांडके. त्यांच्यामुळे जू मानेवरून घसरत नाही, आणि गळ्याखालून येणारा पट्टा, म्हणजे जोतं, त्यांनाच बांधतात. लहानपण गेलं बेल्याच्या बाजारात आणि शेतात, पण मला हे कधी दिसलं नव्हतं. चित्रकाराने खरंच शिवळा काढल्या नव्हत्या. बैलांना चहाचा कप दिला, छत्रीला झालर काढली, आणि शिवळा विसरला.

“तो शहरातला असंन,” मी म्हटलं.

“मंग बंडी कायले काढली? रिक्षा काढाची!”

संध्याकाळपर्यंत बाबा अस्वस्थ होते. जेवताना दोनदा म्हणाले, जू निसटन. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती, मी तासभर आत गेले नाही. गेले तेव्हा बाबा टेबलावर वाकले होते. उजव्या हातात काळी पेन्सिल होती. हातावर डावा हात घट्ट धरला होता, आणि दोन्ही हात मिळून पेन्सिल ओढत होते. जुवाच्या एका टोकाला वाकडीतिकडी, थरथरती, बोटाच्या पेराएवढी रेघ उमटली होती. बाबांना घाम आला होता. मला ते दिसले तेव्हा ते दुसऱ्या टोकाची शिवळ काढत होते.

मी दारातच उभी राहिले. रडू आलं, ते पदराने पुसलं, आणि पुढे जाऊन नेहमीच्या आवाजात म्हटलं, “आधी शेवटच्या पानावर करून पाहाचं होतं, बाबा. चित्र खराब होते.”

“मंग आन ते शेवटचं पान,” ते म्हणाले.

तिथे माझ्या चौकोनांच्या खाली त्यांनी आणखी एक रेघ ओढली. ती अर्ध्यातच थांबली. मग त्यांनी माझ्याकडे मागितलं, “एखांदी पट्टी हाय का दुकानात? कापडाची.”

मी फॉलचा एक तुकडा आणला, विटकरी, कुणीच घेत नव्हतं असा. त्यांनी माझ्याकडून दोन्ही मनगटं सैलसर एकत्र बांधून घेतली. उजव्यात पेन्सिल, डावा त्याच्या पाठीवर.

“गोऱ्हा कव्हा एकटा जुपला पाह्यला का तू?” ते म्हणाले. “जुन्या बैलाच्या जोडीले लावा लागते. जुना ओढते, नवा संग चालते. चार दिवसानं नवा बी ओढाले लागते.”

मला भीती वाटली की ती मुलगी रागावेल. पण दुसऱ्या दिवशी तिने ती बांधणी उलटसुलट करून पाहिली आणि “बागुंदि, बागुंदि तातय्या!” म्हणून टाळ्याच वाजवल्या. चांगलं आहे म्हणाली. नंतर तिने दवाखान्यात आणखी दोघांचे हात तसे बांधले, आणि पट्ट्या माझ्या दुकानातून नेल्या.

आणि मग माझी चूक माझ्या लक्षात आली. मी रंग उन्हात धरून पाहिले होते, कोणता खुलतो, कोणता फिका. बाबांनी शेवटच्या पानावर तीच परीक्षा परत घेतली, पण त्यांना रंगाशी देणंघेणं नव्हतं. किती दाबावं लागतं, एवढंच ते पाहत होते. पेन्सिल दाबल्याशिवाय उमटत नव्हती, ती बाद. मेणाच्या खडूला तर नांगर धरावा तसा जोर हवा, तोही बाद. स्केचपेन नुसतं टेकलं तरी रंग द्यायचं, पण हात थांबला की तिथे डबकं व्हायचं आणि मागच्या पानावर उतरायचं. तेलकट खडू त्यांना आवडला, कारण तो लोण्यासारखा फिरायचा, पण त्यांच्या बाहीला आणि माझ्या टेबलक्लॉथला गाढवाचा करडा रंग लागला तो अजून निघालेला नाही. शेवटी त्यांनी ब्रश उचलला. ब्रश पाहून त्यांचा हात जरा वेगळा वागला. कोरडा ब्रशच ते कितीतरी वेळ कागदावरून ओढत बसले.

रोज एक चित्र व्हायला लागलं. म्हैस त्यांनी हिरवी केली, कारण काळा खडू संपला होता. कंडक्टर कोंबडीला खाकी मिळेना, म्हणून मी तिच्यासाठी दोन रंग मिसळून दिले. जावई घरात आले की पुस्तक उशीखाली जायचंच. पण एका रविवारी मी भाजी घेऊन परत आले तर मिस्टर उशी बाजूला करून पुस्तक चाळत होते आणि खो खो हसत होते, आणि बाबा शेजारी बसून अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत होते, “हे गाढव आमच्या गावातल्या पटवाऱ्यावानी हाय. तोही असाच निजे.” त्या दिवसापासून उशीची गरज उरली नाही. जेवायलाही दोघं एकत्र बसायला लागले.

बंडीचं पान सगळ्यात आधी सुरू झालं आणि सगळ्यात शेवटपर्यंत चाललं. छत्री गुलबक्षी झाली. धोतरं पांढरीच ठेवली. बैल एक तांबडा, एक पांढरा, आमच्या जोडीसारखे. बंडीची चाकं झाली, चहाचा कप झाला. शिंगं तेवढी कोरी राहिली. मला वाटलं, विसरले.

“शिंगं राह्यले, बाबा.”

“माहीत हाय,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

मला परत विचारायची हिंमतच झाली नाही.

पोळा पाच दिवसांवर आला तेव्हा भावाने गावाहून वार्निशचा लाल डबा सरावासाठी पाठवला. शिंग गोल असतं, निमुळतं असतं, ते सपाट कागदावर कसं कळणार? म्हणून बाबांनी माझं लाटणं मागितलं. मी दिलं. हात बांधून, ब्रश बुडवून त्यांनी पहिला हात मारला. वार्निश कागदाच्या रंगासारखं नसतं, ते जड असतं. ब्रश लाटण्यावरून घसरला, बोटांतून सुटला आणि फरशीवर पडला. परत उचलला. परत पडला. तिसऱ्यांदा बाबांनी पट्टी दातांनी सोडली.

“भावाले फोन लाव. म्हन, कोरेच ठेवा.”

मी फोन लावला नाही. मी लाटणं रॉकेलने पुसलं, ते तरी लालच राहिलं, आणि म्हटलं, “तुमीच सांगा गावी जाऊन. मी नाई सांगनार.”

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही गावी गेलो. त्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळतात, वर्षभर जू ओढलेल्या जागी, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. ते बाबांनी डाव्या हाताने केलं. बैलांनी त्यांचा उजवा हात हुंगला. तांबड्याने तो चाटला. बाबा त्यांच्याशी काही बोलले ते मला ऐकू आलं नाही. भावाला मात्र त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं, आणि मीही गप्प होते.

सकाळी भावाने बैल धुतले, शिंगं खरवडून तेल लावलं आणि तिन्ही रंगांचे डबे, ब्रश ओट्यावर ठेवून बाजूला झाला. वहिनी पुरण वाटता वाटता थांबली होती. बाबा खाटेवर बसले होते. बराच वेळ गेला. मग त्यांनी मला हाक मारली.

“माय, ते पट्टी आनली का?”

विटकरी फॉल माझ्या पिशवीतच होता. मी त्यांची मनगटं बांधली.

भावाने पांढऱ्याची वेसण धरली. पांढरा शांत आहे, उभा राहिला. बाबांनी दोन हातांनी ब्रश शिंगाच्या मुळाशी टेकवला आणि वर ओढला. ब्रश घसरला, पण पडला नाही. खालचा लाल झाला, जाड, ओघळलेला, पण झाला. मग दुसरं शिंग. हिरवे शेंडे. मधली पिवळी कडी सरळ काही आली नाही, ती वर गेली, खाली आली.

तांबडा मात्र पहिल्यापासून खट्याळ. बाबा लाल रंग लावत असताना त्याला माशी बसली आणि त्याने मान झटकली. ब्रश बाबांच्या नाकावरून मिशीवर आणि मिशीवरून पांढऱ्या टोपीवर गेला. बाबांनी रंगलेल्या मिशीने तांबड्याकडे पाहिलं.

“पयले मी रंगवू का पयले तू?” ते म्हणाले, आणि हसले. लकव्यानंतर इतकं मोठ्याने ते पहिल्यांदा हसले. तोंड डावीकडे गेलं तर गेलं. मग भाऊ हसला, वहिनी हसली, मी तर रडत हसत होते.

तांबड्याच्या कानालाही लाल लागला होता. भाऊ फडकं घेऊन पुसायला गेला.

“राहू दे,” बाबा म्हणाले. “त्याले आरसा कोन दाखवते?”

दुपारी तोरणाखाली सगळ्या गावच्या जोड्या उभ्या राहिल्या. आमच्या बैलांच्या शिंगांवरचा रंग इतका वाकडा होता की शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, “यंदा कोनं रंगवले गा?” बाबांनी दोन्ही हात वर केले, तसेच, पट्टीने बांधलेले. म्हाताऱ्याने पाहिलं. मग तो आमच्या बैलांपाशी गेला आणि शिंगांना हात लावून त्याने कपाळाला लावला.

संध्याकाळी बैलांना पुरणपोळी खाऊ घालून झाल्यावर बाबा ओट्यावर बसले आणि म्हणाले, “पुस्तक आनलं का?”

आणलं होतं. त्यांनी बंडीचं पान उघडलं. डब्याच्या झाकणात थोडा लाल उरला होता. आता पट्टी नव्हती. ब्रश उजव्या हातात होता, एकट्या, आणि तो थरथरत होता.

“बाबा, हे वार्निश हाय. आरपार जाते. आधी शेवटच्या पानावर...”

त्यांनी ब्रश टेकवला होता. एक शिंग, दोन शिंगं, मग दुसऱ्या बैलाची. रेघेबाहेर गेला, छत्रीला लागला. पण चारही शिंगं लाल झाली.

बाबा आता गावीच आहेत. चहाचा कप उजव्या हाताने उचलतात, निम्मा सांडतात. पुस्तक माझ्या दुकानात गल्ल्याशेजारी असतं. व्हायचं तेच झालं, वार्निश कागदातून उतरलं. मागच्या बाजूच्या बसमध्ये, त्यापुढच्या पानावर, आणि थेट शेवटच्या पानापर्यंत तेलकट लाल डाग आले. तिथे माझे चौकोन आहेत, नावं घालून, आणि त्यांच्याखाली बाबांची ती रेघ आहे, अर्ध्यातच थांबलेली. ते डाग बरोबर तिच्यावर उतरले आहेत.

परवा मी ते पान दारात उन्हात धरून पाहिलं. मग दुकानातल्या सगळ्या लाल रिळा एकेक करून त्याच्याशेजारी धरल्या. डाळिंबी, कुंकवी, टमाटा, मिरची. एकही जुळली नाही.